मुलींसाठी अकॅडमी काढण्याआधी हजेरीची वही काढा

तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी सांगते. चुकलं तर दुरुस्त करा. तुम्ही धारूर तालुक्यातले, नोकरी पुण्यात. गाठीला तीन लाख रुपये आहेत आणि एक मित्र सोबत यायला तयार आहे. गावातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलींसाठी फुटबॉलची अकॅडमी आणि जोडीला शिलाईचं केंद्र काढायचं मनात आहे. झारखंडच्या मुली फुटबॉल खेळून परदेशी गेल्याचं पाहिलं, त्यावरून हे सुचलं. तुमचं विचारणं असं, की खेळ कोणता घ्यावा आणि कौशल्य कोणतं शिकवावं, म्हणजे मुली स्वतःच्या पायावर उभ्या राहतील?

मी बीड जिल्ह्यातच एका माध्यमिक शाळेत चोवीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा खो-खो घेते. तेवढ्या अनुभवावर बोलते. तुमची शाळा, तुमचं गाव, पाण्याचे हाल आणि गावातलं राजकारण यांवर पुष्कळ काही अवलंबून राहील, तेव्हा माझं सगळंच तुमच्याकडे लागू पडेल असं नाही.

तुम्ही विचारलेले दोन्ही प्रश्न माझ्या लेखी दुसऱ्या नंबरचे आहेत. आपल्या भागात मुलगी मागे पडते ती तिला खेळ येत नाही किंवा मशीन चालवता येत नाही म्हणून नाही. आठवीपासून अठरा वर्षांची होईपर्यंतच्या चार-पाच वर्षांत ती कधीतरी गुपचूप नाहीशी होते, खरी अडचण तिथे आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, गाडी लागते, आईबाप ऊस तोडायला साखर कारखान्याला जातात. मुलगी बरोबर गेली तर धाकट्या भावंडाला सांभाळते, मागं राहिली तर आजीला. ‘वयात आलेली पोर एकटी कशी ठेवायची’ हा प्रश्न घरात रोज निघतो. त्यात उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, मिळते ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. मुलाचं लग्न झालं की घरात आणखी एक कोयता उभा राहतो. हे गणित पाठ असलेल्या माणसाला आपण मुलीच्या ‘स्वप्नांविषयी’ सांगायला लागलो की तो मान हलवतो आणि चहा पाजून आपल्याला वाटेला लावतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, राज्यात २० ते २४ वयाच्या साधारण २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्याचा आकडा त्याच्या जवळपास दुप्पट होता.

म्हणून तुमच्या कामाचं यश मी एकाच गोष्टीवर मोजीन. जूनमध्ये मैदानावर आलेल्या तीस मुलींपैकी पुढच्या जूनमध्ये किती दिसतात? ढाल-चषक मोजायला नंतर वेळ आहे.

हे मी शहाणपणानं सांगतेय असं समजू नका. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत मी नेमकं उलटं केलं. चपळ मुली निवडायच्या, संघ बांधायचा, जिल्ह्याला न्यायचा. संघ जिंकायचाही. उरलेल्या वीस-बावीस पोरी कडेला बसून टाळ्या वाजवायच्या आणि आठवड्याभरात यायच्या बंद व्हायच्या. तेव्हा वही होती, पण शाळेला दाखवण्यापुरती. एका नववीतल्या मुलीपुढं मी अकरा दिवस ‘घरी काम’ असं लिहून ठेवलं होतं. बाराव्या दिवशी तिच्या वस्तीवर गेले तेव्हा दारात मांडव होता. ती काही माझी चांगली खेळाडू नव्हती, म्हणूनच मी अकरा दिवस गेले नव्हते. त्यानंतर वहीत मी ‘का आली नाही’ असा आणखी एक रकाना आखला. त्यात ‘घरी काम’ हे उत्तर चालत नाही. कसलं काम, कुणी सांगितलं, किती दिवस, हे लिहायचं. तीन दिवस सलग गैरहजर राहिली की चौथ्या दिवशी कुणीतरी घरी जायचंच, मग ती खेळात कितीही ठोंब असो. आमच्या सगळ्या उपक्रमातली सगळ्यात कामाची वस्तू कोणती असं विचाराल तर ती वही.

आता खेळाचं. फुटबॉल वाईट नाही. ज्या झारखंडच्या मुलींचं तुम्ही लिहिलंय त्या रांचीजवळच्या ओरमांझी भागातल्या ‘युवा’ संस्थेच्या. २००९ ला काम सुरू झालं, २०१३ मध्ये त्यांचा संघ स्पेनमध्ये स्पर्धा खेळून तिसरा आला, २०१९ मध्ये क्रीडाक्षेत्रातला लॉरियस पुरस्कारही मिळाला. हे सगळं खरं आहे. पण २०१५ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली, हे बातम्यांमध्ये फारसं पुढं येत नाही. माझ्या मते तो त्यांच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. चेंडूनं मुली मैदानावर येतात, पण पुढची वाट शाळाच काढते.

तुमच्या गावात फुटबॉलला पुरेल एवढी सपाट जागा आहे का, ते आधी बघा. आमच्याकडे गायरान आहे, पण ते गावापासून दीड किलोमीटरवर, आणि मधल्या रस्त्यावर दोन टपऱ्या. तिथे मुलींना पाठवायला कुठली आई तयार होईल? खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा, दोन खांब आणि फक्की एवढंच लागतं. जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणात ते बसतं. कबड्डीला त्याहूनही कमी. मुख्य म्हणजे हे खेळ आजीला माहीत असतात. ‘आम्ही पण खेळायचो गं’ असं म्हातारी म्हणाली की अर्धी परवानगी मिळालीच. शालेय स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालच्या गटांत तालुक्यापासून राज्यापर्यंत होतात, त्यामुळे खेळणाऱ्या मुलीला पुढं जायची वाट असते. आणि आपल्याच भागातली उदाहरणं हाताशी आहेत. धाराशिवची सारिका काळे २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाची कर्णधार होती, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, तेव्हा अंतिम सामन्यात नेपाळला हरवणाऱ्या मुलींच्या संघाची कर्णधार महाराष्ट्राचीच, प्रियांका इंगळे. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर खो-खोतूनच धावण्याकडे वळली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. पालकांशी बोलताना मी ही नावं घेते, पण जपून. तीस मुलींतली एकही तिथवर पोचणार नाही, ही शक्यता जास्त. पालकांना पदकाची आशा दाखवून मुलगी मैदानावर आणली, तर पदक नाही मिळालं की पालक तिला परत घेऊन जातात. मग त्यांना दोष देता येत नाही.

खो-खो माझा खेळ म्हणून मी त्याच्याकडे झुकतेय हे कबूल. पण त्याची एक गंमत सांगते. खो देताना बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावून मोठ्यानं ‘खो’ म्हणावंच लागतं, त्याशिवाय तो खो धरत नाहीत. आमच्या गावात कोण कुणाच्या घरचं पाणी पितं हे अजून ठरलेलं आहे. पहिल्या वर्षी दोन मुली एका ठरावीक मुलीला खो द्यायच्या तेव्हा हात पाठीपासून चार बोटं लांब थांबायचा. मी काही बोलले नाही, नुसती शिट्टी वाजवायची आणि फाउल द्यायचे. महिनाभरात हात टेकायला लागला. त्यानं गावातली जात गेली असं मी म्हणणार नाही. पण त्या नऊ जणी पुढं एकाच डब्यातलं खायला लागल्या, हे मी डोळ्यानं पाहिलं.

सरावाची वेळ तुम्ही ठरवाल असं तुम्हाला वाटत असेल. ती एसटी ठरवते. पहाटे मुलींना पाणी भरायचं असतं, उन्हाळ्यात तर टँकरची वेळ सांभाळायची असते. संध्याकाळी साडेपाचची, मानव विकास कार्यक्रमातली शाळकरी मुलींची बस चुकली की वाडीवरची मुलगी अंधारात चार किलोमीटर चालते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा सराव बंद. आम्ही मुख्याध्यापकांच्या पाया पडून शेवटचा तास सरावाला घेतला आणि पुढं अर्धा तास जोडला. बसच्या कंडक्टरशी ओळख ठेवा, हा सल्ला हसण्यावारी नेऊ नका. पाच मिनिटं गाडी थांबवणारा कंडक्टर कुठल्याही देणगीदारापेक्षा मोठा. अहिल्याबाई होळकर योजनेतून ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट असतो, पण तो काढून आणायचं काम कुणीतरी करावं लागतं. ते पहिल्याच महिन्यात उरकून टाका.

कपड्यांवरून भांडू नका. आमच्या मुली पहिले सहा महिने पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला आवळून खेळल्या. मग ट्रॅक पँट आली. हाफ पँट दोन वर्षांनी आली, तीही मुलींनीच मागितली म्हणून. जानेवारीत हळदी-कुंकवाला आम्ही आयांचाच खो-खो ठेवतो. नऊवारी खोचून पळणाऱ्या बायकांना एकदा बघून घ्या! त्या दिवसानंतर किटचा विषय घरात बाप काढत नाही, आई काढू देत नाही.

रक्ताचं मात्र पहिल्या दिवसापासून बघा. किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय असतो, आणि आपण त्यांना पळवायला निघालोय. माझी एक मुलगी तालुक्याच्या सामन्यात खांबाला धरून खाली बसली. मला वाटलं उन्हानं. दवाखान्यात हिमोग्लोबिन निघालं ७.९. या वयाच्या मुलींत ते बाराच्या वर हवं. गेले तीन महिने मी तिला ‘आळशी’ म्हणत होते. तेव्हापासून सराव सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रातून सगळ्यांची तपासणी करून घेते. लोहाच्या निळ्या गोळ्या शाळेत दर आठवड्याला फुकट मिळतात, पण मुली त्या खिडकीतून फेकतात, कारण रिकाम्या पोटी घेतल्या की मळमळतं आणि शौचाला काळं होतं. ते आधी समजावून सांगा, जेवणानंतर समोर घ्यायला लावा, वर लगेच चहा नको. ज्यांचं रक्त फार कमी आहे त्यांना आठवड्याच्या गोळीनं भागत नाही, डॉक्टरच दाखवा. सरावानंतर मूठभर शेंगदाणे-गूळ आणि एक केळ, एवढं तरी द्याच. काही मुली त्यासाठीच येतात. येऊ देत.

आता थोडं अवघड बोलते. तुम्ही आणि तुमचा मित्र, दोघंही पुरुष आहात. वाईट वाटून घेऊ नका, पण मुलींचा सराव तुम्ही एकट्यानं घ्यायचा नाही, कधीच नाही. मैदानावर एक बाई हवीच, प्रवासात तर हवीच हवी. मुलींना खासगी मेसेज नाही, आईच्या फोनवर बोलायचं. कुणाला गाडीवर मागं बसवून सोडायचं नाही, पाऊस असला तरी. हे तुमच्यावर अविश्वास म्हणून सांगत नाही. गावात एक शब्द उठला की तीस मुलींचं मैदान एका रात्रीत बंद होतं, आणि खरंच काही वाईट घडत असेल तर ते मुलींना सांगता येईल असं एखादं माणूस तिथे असावं लागतं. मुलीनं काही सांगितलंच तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्यानं ते पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. ‘गावात मिटवू’ असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकायचं नाही.

लग्नाचा प्रसंग तुमच्यावर येणार, वर्ष-दोन वर्षांत नक्की. तेव्हा काय करायचं याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. कायदा स्पष्ट आहे: ग्रामसेवक (आता त्याला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हा गावचा बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो, आणि फोन करणाऱ्याचं नाव बाहेर येऊ देत नाहीत. पण गावात अंदाज बांधायला किती वेळ लागतो? एका अकरावीतल्या मुलीचं लग्न आम्ही असं थांबवलं. बालकल्याण समितीसमोर बापानं हमीपत्र लिहून दिलं. पुढं वर्षभर त्या वाडीवरच्या सहा मुली मैदानावर आल्या नाहीत. म्हणजे एक वाचली आणि सहा गेल्या, असं मला त्या वर्षी रोज वाटायचं. ती मुलगी अठरा पूर्ण झाल्यावर दोन महिन्यांतच लग्न करून गेली, घरच्यांनी ठरवलेलंच. पण मधल्या काळात बारावी झाली होती आणि बँकेचं पासबुक तिच्या नावावर, तिच्याच पिशवीत होतं. मी आज तीच वेळ आली तर परत फोन करीन. फक्त आता आशाताई, अंगणवाडीताई आणि बचत गटातल्या दोघी-तिघी आधीपासून सोबत असतात, त्यामुळे बोट एकाच माणसाकडे जात नाही. आणि बहुतेक वेळा वहीतला तो रकाना महिनाभर आधीच सांगतो, तेव्हा नुसत्या घरी जाण्यानंही काम होतं. ‘परीक्षा होऊ द्या, स्पर्धा होऊ द्या’ असं करत करत आम्ही काही लग्नं दोन-दोन वर्षं पुढं ढकलली आहेत. खेळाचा मला दिसलेला सगळ्यात मोठा उपयोग हाच. घरच्यांना ‘आत्ता नको’ म्हणायला एक इज्जतीचं कारण मिळतं.

ऊसतोडीचे सहा महिने हे तुमच्या कामातलं सगळ्यात मोठं भगदाड आहे. मैदान कितीही चांगलं असलं तरी नोव्हेंबरात निम्म्या मुली कारखान्यावर असतील तर उपयोग नाही. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. तुमच्या शाळेला ते मंजूर आहे का, मुलींची खरी नावं त्यात जातात का, मुली रात्री कुणाच्या घरी झोपतात, हे सप्टेंबरातच बघावं लागतं. दिवाळीनंतर धावपळ केली तर गाडी गेलेली असते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं शासकीय वसतिगृहंही सुरू झाली आहेत, जवळचं कुठे आहे ते समाजकल्याण कार्यालयात विचारा. आमच्याकडे संघातल्या सहा मुली एका निवृत्त सेविकेच्या घरी राहतात. तिचा मुलगा पुण्यात, घर मोकळं, तिलाही सोबत. असं घर तुमच्या गावातही असेल.

आत्तापर्यंतचं एवढं: जागा आईच्या नजरेतली, वेळ एसटीची, सोबत बाईची, रक्त तपासलेलं, आणि वही.

कौशल्याकडे येते. शिलाईकेंद्राचा विचार तुम्ही सोडून द्यावा, असं मी म्हणेन. दीड हजार वस्तीच्या गावात आधीच तीन-चार मशिनी चालू असतात. ब्लाउजाला गिऱ्हाईक तेवढंच, त्यात आणखी वीस जणी आल्या तर भाव पडतो आणि मशिनी माळ्यावर जातात. आमच्या तालुक्यात अशी धूळ खात पडलेली कितीतरी यंत्रं मी पाहिली आहेत. तालुक्याच्या ठिकाणी गणवेशाचं किंवा पिशव्यांचं पक्कं काम हातात असेल तर गोष्ट वेगळी. आधी काम, मग मशीन.

अठराच्या आतल्या मुलीला कमावण्याचं कौशल्य शिकवायची घाई करू नये, असंही माझं मत झालंय. ती कमवायला लागली की शाळा सुटते, आणि पैसा तिच्या हातात तसाही राहत नाही. या वयात मी वेगळ्याच गोष्टी शिकवते आणि त्यासाठी वेगळा वर्ग भरवत नाही. प्रत्येक स्पर्धेला एक मुलगी ‘मॅनेजर’ असते, पाळीपाळीनं. प्रवासाचे पैसे तिच्याकडे. तिकिटं तीच काढते, जेवणाचा भाव तीच करते, बोनाफाईड आणि आधारच्या झेरॉक्स तीच सांभाळते, परत आल्यावर हिशोब फळ्यावर तीच मांडते. पहिल्यांदा एकीनं दोनशे रुपये हरवले आणि बसस्थानकावर रडत बसली. मी पैसे भरून दिले नाहीत. सगळ्यांनी मिळून परतीच्या वाटेवरचा नाश्ता कमी केला आणि मेळ घातला. ती मुलगी आज एका पतसंस्थेत रोखपाल आहे. कारण तेच होतं असा दावा नाही, पण आम्ही दोघी त्यावरून अजून हसतो. बँकेचं खातं, चलन भरणं, ऑनलाइन अर्ज, सायकल, अनोळखी साहेबासमोर मान वर करून बोलणं, हे सगळं अशा कामांतून येतं. गुणपत्रक लिहायला आणि पंचगिरी करायलाही शिकवा. एखादी मुलगी पळण्यात मागे असते पण नियमात पक्की असते. शिट्टी हातात आली की तिचा आवाजच बदलतो, आणि मुलांच्या सामन्यातही तिचं ऐकावं लागतं.

अठरा झाल्यावर मात्र नेमकं बोलायला हवं. आपल्याकडे खेळणाऱ्या मुलीच्या डोक्यात पहिलं नाव पोलीस भरतीचं येतं, ते बरोबरही आहे. बारावी लागते, मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, आणि पळायची सवय असलेल्या मुलीला पहिला टप्पा जड जात नाही. पण उंची १५५ सेंटिमीटर लागते. माझ्या मुलींपैकी कित्येक १५० च्या आसपास अडकतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी भिंतीला उभं करून उंची मोजा आणि खरं सांगा, नाहीतर ती मुलगी बारावीनंतर दोन वर्षं एखाद्या भरती अकॅडमीला फी भरत राहते. जागा थोड्या आणि अर्ज बेसुमार, हेही तिला माहीत असू द्या. उंची कमी भरली तर नर्सिंग आहे, आयटीआय आहे. व्यावसायिक पदवी अभ्यासक्रमांना आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मागास आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून माफ आहे. बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत अठरा वर्षांवरच्यांना राहण्या-जेवणासह फुकट प्रशिक्षण मिळतं. तेव्हा स्वतःचं केंद्र काढून तेच शिकवण्यात तुमचे पैसे घालू नका. तिथपर्यंत मुलगी नेऊन सोडणं आणि पहिले पंधरा दिवस ती रडून परत येत नाही ना हे बघणं, एवढं काम कमी पडतंय. खेळाडूंना शासकीय नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे हेही खरं, पण त्याला वरच्या पातळीचं प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते. जिल्ह्याला खेळलेल्या मुलीला त्याचं आमिष दाखवू नका.

पैशांचा हिशोब माझ्या पद्धतीनं मांडून देते. तीन लाखांत किट, मॅट, फलक, उद्‍घाटन असं केलंत तर दिवाळीच्या आत संपतील. त्याऐवजी बारावी झालेल्या, पूर्वी खेळलेल्या दोन मुलींना महिना तीन-तीन हजारावर मदतनीस म्हणून घ्या. वर्षाचे ७२ हजार. घरी जाणं, वही, सराव हे सगळं त्याच करतील, आणि गावात कमावती अविवाहित मुलगी दिसते हा त्यातला बिनपैशाचा फायदा. खाऊला तीस मुलींमागे रोज आठ रुपये धरले, सरावाचे २२० दिवस, तर साधारण ५३ हजार. स्पर्धा-प्रवासाला तीस हजार, प्रथमोपचार, पॅड, फक्की वगैरे दहा हजार. म्हणजे वर्षाला एक लाख पासष्ट हजार. तुमच्या तीन लाखांत दोन वर्षं बसतात, तीसेक हजार कमी पडतात. ते गावाकडून उभे करा, मुद्दाम. ज्यानं पाचशे रुपये दिलेत तो पारावर बसून मुलींविषयी वेडंवाकडं बोलत नाही. आणि दोन वर्षांत हे उरकेल असंही समजू नका. आठवीतली मुलगी अठराची व्हायला पाच वर्षं लागतात. पाच वर्षं थांबायची तयारी नसेल तर सुरूच करू नका, असं मी स्पष्ट सांगेन. आधी आशा लावून मध्येच निघून गेलेली दादामंडळी गावानं बरीच पाहिली आहेत, त्यानंतर येणाऱ्याला कुणी दारात उभं करत नाही.

तुम्ही पुण्यात राहून हे चालवू शकाल का, असंही शेवटी विचारलंय. पैसे आणि कागदपत्रं तिथून सांभाळता येतील. रोजचं नाही. त्यासाठी आधी शाळेतल्या एखाद्या बाईंना भेटा. त्या खेळाच्याच हव्यात असं नाही, मराठीच्या असल्या तरी चालतील, फक्त गावात राहणाऱ्या हव्यात. पुढच्या खेपेला गावी गेलात की नावाचा फलक वगैरे काही न लावता चार आठवडे नुसता खेळ सुरू करा. वहीत रकाने आखा, तो शेवटचा विसरू नका. दिवाळीनंतर मुली कमी दिसायला लागल्या की मला परत लिहा. त्या रकान्यात काय काय लिहिलंय ते समोर ठेवून मग पुढचं बोलू.